एक माणूस आत आहे

सारपाडा, ता. उरण
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदू,

अनेक आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मला कधीच ब्लॉक करून टाकलंस. पत्राला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा उद्योग. शाळेत पाचवीच्या पोरांना दरवर्षी पत्रलेखन शिकवते, तारीख कुठे आणि मायना कुठे ते सांगते, पण स्वतः कुणाला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही. अक्षर बिघडलंय, चालवून घे.

बातमी अशी की आपल्या डेपोची बाग होतेय. मिलिटरी गेल्याचं तुझ्या कानावर आलं असेलच. दारूगोळा त्यांनी ट्रकांतून कधीच हलवला, मग कितीतरी वर्षं टेकडीवर नुसतं गवत आणि कोल्हे. आता ती जागा उद्यानाला मिळालीय. 'शौर्य उद्यान' असं नाव ठरलंय. दारूगोळ्याच्या त्या कोठ्या आठवतात ना, जाड भिंतींच्या, अर्ध्या जमिनीत पुरलेल्या? त्यातल्या एका कोठीत आइस्क्रीम मिळणार आहे. एक जुना रणगाडा आणून ठेवलाय, त्याच्यावर आत्तापासूनच पोरं चढतात. खिशातली काडेपेटी काढून ठेवल्याशिवाय जिथे माणसाला आत पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे परवा कॉन्ट्रॅक्टरची माणसं बिड्या ओढत पेव्हर ब्लॉक बसवत होती. असो.

सव्वीस जानेवारीला लोकार्पण आहे. डेपोत कामाला असलेल्या जुन्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलंय. तू ये. माझ्या भावजयीला, श्रुतीला घेऊन ये, तिला आपलं गाव दाखव. आता नेरुळहून थेट उरणला गाडी येते. वापी काही सातासमुद्रापार नाही.

बाबा ठीक आहेत. ऐंशीच्या मानानं खूपच ठीक. जेवतात, झोपतात, संध्याकाळी जरा डेपोच्या फाटकापर्यंत पाय मोकळे करून येतात. तुझी आठवण काढतात.

तुझी,
हिराताई


१४ नोव्हेंबर

नंदू,

पत्र तुला पोचलंय. पोस्टाच्या साइटवर तसं दिसतंय, तेव्हा मिळालं नाही अशी थाप मारू नकोस.

मागच्या वेळी बाबा ठीक आहेत असं लिहिलं, ते खोटं होतं. ठीक असते तर मी तुझ्या नाकदुऱ्या काढत बसले नसते.

त्यांना आता फारसं काही आठवत नाही. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं, गावात म्हणतात म्हाताऱ्याचं डोकं गेलं. मला कधी आय समजतात, कधी त्यांची मेलेली बहीण. माझ्या शौनकला रोज सकाळी विचारतात, तू कोनाचा रं? तो बिचारा रोज सांगतो, हिराचा. शौनकला तू पाहिलंस तेव्हा तो रांगत होता. आता कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे आणि आजोबांना आंघोळ घालून कामावर जातो.

एवढं सगळं गेलं, पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात शाबूत आहे. फाटकावरची त्यांची नोकरी.

दिवस कलायला लागला की त्यांना डेपोचा भोंगा ऐकू येतो. आम्हाला नाही येत, भोंगा कधीच भंगारात गेला. ते उठतात, खाकी शर्ट अंगात घालतात आणि चालू पडतात. बागेचं काम करणारे मजूर त्या वेळी बाहेर पडत असतात. सगळे गेले की वॉचमन फाटक लावायला येतो, आणि बाबा फाटकाची फळी दोन्ही हातांनी धरून उभे राहतात.

"एक मानूस आत हाय. फाटक लावू नका."

रोज हेच. सुरुवातीला वॉचमननी खरंच आत जाऊन शोधलं. मग हसायला लागले. मग चिडायला लागले. परवा वॉचमन लोकांच्या सुपरवायझरनं त्यांचे हात सोडवायला ओढाताण केली, कोपर सोलपटलं. आता एक नवी मुलगी आलीय सिक्युरिटीत, संघप्रिया म्हणून, नांदेडकडची. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, काकू, आजोबा कुणाला शोधतात?

मग तिला सगळं सांगितलं. डेपोत शिरताना प्रत्येकजण काडेपेटी, बिडी बाहेर ठेवायचा आणि आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फाटकावरच्या माणसाच्या हातात द्यायचा. तो माणूस बिल्ला फळ्यावर त्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचा. सुटी झाली की तोच बिल्ला ज्याचा त्याच्या हातात. टेबलावर ठेवायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा नाही, हातातून हातात. फळ्यावर एक जरी बिल्ला राहिला तरी त्याचा अर्थ एक माणूस दारूगोळ्यात अडकलाय. मग भोंगा वाजायचा, फाटक उघडं राहायचं आणि साहेबापासून हमालापर्यंत कुणीही घरी जायचं नाही. माणूस मिळेपर्यंत शोधायचं. आणि बिल्ले घेणारा-देणारा तो माणूस म्हणजे माझे बाबा, हसुराम घरत. उभी नोकरी त्यांनी तेच केलं.

ती म्हणाली, मग कुणाचा बिल्ला राहिला?

मी म्हटलं, माझ्या भावाचा. चारशे सतरा.

तो बिल्ला त्यांच्या मुठीत असतो, नंदू. कुठे जपून ठेवला होता देव जाणे. झोपेतही मूठ सुटत नाही. तळहाताला पितळेचा हिरवा डाग पडलाय, साबणानं जात नाही.

तू एक तासभर ये. सव्वीस जानेवारी वगैरे सोड, कधीही ये. घरी येऊ नकोस, माझ्या हातचं जेवू नकोस, त्यांच्याशी बोलूही नकोस. आतून चालत बाहेर ये, त्यांच्यासमोर हात पुढे कर, बिल्ला घे आणि जा. एवढं झालं की त्यांना फाटक लावता येईल. मी आणखी काही मागत नाही.

हिरा


२८ नोव्हेंबर

नंदू,

तुझं पोस्टकार्ड आलं. एवढ्या वर्षांनी भावाचं अक्षर दिसलं, आणि मजकूर काय, तर एक ओळ. 'मी काडेपेटी विसरलेलो नाही.'

कार्ड हातात घेऊन मी शाळेच्या व्हरांड्यात बसले. मग रडले. मग भयंकर राग आला. अजून आहे, म्हणून लगेच लिहायला घेतलंय.

काडेपेटी विसर असं मी तुला म्हणतच नाही. तुला डेपोत चिकटवून दोन महिने झाले होते, विशीतला पोरगा तू, आणि फाटकावर झडती घेताना तुझ्या खिशात काडेपेटी निघाली. दुसऱ्या कुणाची निघाली असती तर बाबांनी डोळे वटारून ती बाजूला ठेवली असती. तुझी निघाली म्हणून त्यांनी सगळ्या रांगेसमोर तुझ्या थोबाडीत मारली आणि स्वतः जाऊन साहेबाकडे नाव दिलं. का, तर हसुरामनं आपल्या पोराला सोडला असं कुणी म्हणू नये. साहेबानं तुला दिवसभर फाटकाबाहेर उन्हात उभं केलं. तुझ्यासमोरून गावातले लोक येत-जात होते आणि बाबा चार हातांवर बसून बिल्ले मोजत होते. हे सगळं मला माहीत आहे. आय मला सांगताना तोंडात पदर कोंबून रडली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा बाप आपल्या वाट्याला आला, त्याला मी तरी काय करू?

दुसऱ्या दिवशी तू कामावर गेलास, त्यांच्याकडे न बघता बिल्ला त्यांच्या हातात दिलास आणि परत आलाच नाहीस. कुठून, कसा बाहेर पडलास ते आजही कुणाला ठाऊक नाही.

आता तुला माहीत नाही ते सांगते. त्या संध्याकाळी भोंगा वाजला तेव्हा सगळं गाव घराबाहेर आलं. शोधाशोध झाली. उजाडल्यावर साहेब म्हणाले, पोरगा पळाला असणार, कागद बंद करा. लोक घरी गेले. बाबा गेले नाहीत. ते एकटे प्रत्येक कोठीचं दार उघडून तुला हाका मारत फिरले. आयनं भाकरी पाठवली, ती फाटकावर वाळून गेली. नंतर तू वापीहून शेजाऱ्यांकडे फोन केलास, बरा आहे, काम मिळालंय म्हणून. गाव हसलं. म्हणे, सगळ्या डेपोचा हिशेब ठेवणाऱ्याचा स्वतःचाच पोरगा हिशेबातून गेला. आय देवापुढे साखर ठेवायला उठली. बाबा मात्र तिला म्हणाले, "फोन आला म्हंजे मानूस आयला नाय."

तेव्हा मला तो त्यांचा ताठा वाटला. आता वाटतं, त्यांना दुसऱ्या भाषेत बोलताच येत नव्हतं.

आय गेली तेव्हा तू आलास, पण स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभा राहून परस्पर निघून गेलास. बाबांनी तुला पाहिलं होतं. त्या दिवशी ते सारखे सदऱ्याच्या खिशावर हात ठेवत होते, मला वाटलं छातीत दुखतंय. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, हे तुम्हा दोघांनाही लागू आहे. फरक इतकाच की त्यांचा सुंभ आता खरंच जळत आलाय.

त्यांना तुझी माफी मागता येणार नाही. कसली माफी तेच त्यांना आठवत नाही. काडेपेटी फक्त तुझ्याकडे राहिलीय. त्यांच्याकडे बिल्ला राहिलाय.

ये रे.

हिरा


१५ डिसेंबर

नंदू,

तू येणार नाहीस हे धरून आम्ही एक नाटक केलं. केलं आणि तोंडावर पडलो.

शौनक मामावर गेलाय असं आय म्हणायची. तीच उंची, तेच पुढे आलेले कान. आमच्या ह्यांनी सुचवलं, ह्यालाच नंदू करू. संघप्रियाही तयार झाली. शौनकनं खाकी पॅन्ट घातली, आतल्या रस्त्यानं चालत आला आणि बाबांसमोर उभा राहून हात पुढे केला. म्हणाला, चारशे सतरा. मी पाठीमागे उभी राहून मनात गावदेवीला नारळ कबूल करत होते.

बाबांनी मूठ उघडली. किती दिवसांनी तो बिल्ला मी नीट पाहिला, घासून घासून आकडे पुसट झालेत. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग शौनकच्या तोंडाकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. मला वाटलं, झालं. आणि त्यांनी मूठ परत मिटली.

"यो बिल्ला याचा नाय. याला दिला त मंग त्यो आतच ऱ्हाईल."

शौनक रडायला लागला. एवढा बाप्या, सगळ्यांदेखत. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, जा घरी, तुझी आय वाट बघत असंल.

सांगून ठेवते, त्यांना फसवता येत नाही. बायको गेल्याचं ज्यांना आठवत नाही, त्यांना तू मात्र नक्की ओळखू येणार आहेस. ही खात्री आहे म्हणून तर माझी झोप उडालीय.

आणखी एक. बिल्ल्यांची खोली पाडायला घेतलीय, तिथे तिकिटाची खिडकी होणार. मी उद्यानाच्या ऑफिसात जाऊन हातापाया पडले, सव्वीस तारखेपर्यंत तरी थांबा म्हटलं. तिथला माणूस वाईट नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तारीख वरून ठरलीय असं सांगितलं. जुना फळा मात्र पुसून, पॉलिश करून प्रदर्शनात ठेवणार आहेत. मी त्याला म्हटलं, फळा आहे हो, पण माणूस आहे ना अजून. त्याला कळलं नाही.

भिंत पडताना बाबा तिथेच होते. मजुरांना म्हणत होते, अरे हळू, बिल्ले खाली पडतील.

त्या दिवसापासून मी त्यांना घरात कोंडून ठेवते. दाराला बाहेरून कडी घालते आणि शाळेत जाते. शेजारची कमळीबाय लक्ष ठेवते. संध्याकाळी ते दारावर थापा मारतात, मी आतून त्यांना धरून बसते, आणि ते मला विनवतात, बाय माझी, मला सोड, पोरगा आत हाय. मानूस नाही म्हणत आता. पोरगा म्हणतात. बापाला कोंडणारी मुलगी झाले मी, नंदू. लोक काय म्हणायचे ते म्हणोत, पण त्यांचा तो आवाज मला ऐकवत नाही. मग मी बाहेर येऊन कडी लावते आणि पायरीवर बसून कानात बोटं घालते. माझ्यानं आता होत नाही. खरंच होत नाही.

हिरा


७ जानेवारी, श्रुतीच्या नंबरवर

श्रुती, मी नंदूची बहीण हिरा. हा मेसेज त्याला आत्ताच्या आत्ता दाखव.

नंदू, बाबा आत गेलेत. दुपारी कमळीबायनं पाणी द्यायला कडी काढली आणि ते निसटले. रंगकामाची माणसं आत-बाहेर करत होती, त्यातून गेले. संघप्रिया जेवायला गेली होती. आता अंधार पडलाय. सगळी बाग शोधली, कोठ्या शोधल्या, पोलीस आलेत. बिल्ला राहिला की शोधायला जायचं, तेच करायला गेलेत ते. तू ज्या वाटेनं गेलास तिकडेच गेले असणार. ती वाट फक्त तुला माहीत आहे. डेपोमागच्या खाडीला भरती लागलीय. फोन कर. माझ्याशी बोलू नको हवं तर, शौनकशी बोल. ती वाट सांग.


११ जानेवारी
बेलापूर

नंदू,

तू फोन केलास. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की कसं ते मला कळत नाही, आपल्याकडे भावाचे आभार मानत नाहीत.

तुझा आवाज ऐकला आणि क्षणभर वाटलं बाबाच कुठून तरी बोलतायत. तसाच खर्जातला. तू शौनकला सांगितलंस, तिसऱ्या कोठीच्या मागे नाला आहे, नाल्यातून खाली उतरा, जेट्टीच्या अलीकडे कुंपणाची जाळी वाकवलेली असेल. जाळी अजून तशीच वाकलेली होती. एवढ्या बंदोबस्ताच्या डेपोत ती कुणाला दिसली नाही, आणि बाबांना त्याच दिवशी कशी सापडली कोण जाणे. शौनक म्हणतो, ते तिच्या अलीकडे चिखलात गुडघ्यांपर्यंत रुतून भिंतीला टेकले होते. पाणी मांड्यांना लागलं होतं. अंग गार पडलं होतं, तरी हाका चालूच होत्या. नंद्या, अरे नंद्या. शौनकला बघून त्यांनी विचारलं, गावला का त्यो?

तू वाट सांगितली नसतीस तर ते त्या भरतीतच गेले असते. हे मी तुझ्या बाजूला मांडलंय.

आता ते इथे बेलापूरला हॉस्पिटलात आहेत. छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. नाकावर मास्क आहे, बोलता येत नाही. कुणीही जवळ आलं, नर्स, वॉर्डबॉय, झाडूवाली, की तोंडाकडे निरखून बघतात आणि मान हलवतात. नाही. हा नाही. नर्सला सलाईनसाठी तो हात हवा होता, मूठ उघडेना. शेवटी दुसऱ्या हाताला लावलं.

फोनवर शेवटी तुला मी म्हटलं, ये. तू म्हणालास, बघतो. नंदू, आता फाटकापर्यंतही यायची गरज नाही. बेलापूर स्टेशनात उतर, मी न्यायला येते. कॉटजवळ उभा राहा आणि हात पुढे कर. तुला रागानं बघायचं तर रागानं बघ. मनात शिव्या दे. काडेपेटी खिशात घालून ये, त्यांच्या डोळ्यांसमोर काढून दाखव, माझी काही हरकत नाही. फक्त ये. मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे, तुला कडेवर घेऊन खाडीवर चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दाखवायला नेलंय, आणि आज पदर पसरून भीक मागतेय. याच्यापुढे मागायला माझ्याकडे शब्द नाहीत.

हिराताई


२ फेब्रुवारी २०२५
सारपाडा

प्रिय नंदू,

बाबा गेले ते मी फोनवर श्रुतीला कळवलं होतंच. ती खूप रडली, मला उगाचच तिची माया वाटली. तिनं मला तेही सांगितलं, जे तू सांगितलं नसतंस. तू निघाला होतास. वसईला उतरलास, फलाटावर दोन गाड्या सोडल्यास, आणि परतीची गाडी धरलीस. त्याच दुपारी बाबा गेले. तू तसाच पुढे आला असतास तर पोचला असतास की नाही हे मी मोजत बसले नाही. तूही बसू नकोस.

शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. दार लावू देत नव्हते. वॉर्डात एसी चालू असतो म्हणून नर्स दार लावायची, आणि ते हात वर करायचे. मग तिनं खुर्ची अडकवून ठेवली.

स्मशानात लोक म्हणाले, मुलगा नाही तर नातवानं अग्नी द्यावा. शौनकच्या दोन काड्या विझल्या, म्हणून मी काडेपेटी त्याच्या हातातून घेतली. लोक बाजूला सरले. जन्मभर त्या माणसानं काडेपेटी जवळ येऊ दिली नव्हती. घरात चूलसुद्धा आय पेटवायची, हे तुला माहीत आहे. काडी ओढताना मला वाटलं, आता उठतील आणि माझंही नाव साहेबाला सांगतील. उठले नाहीत.

मूठ मी आधीच उघडली होती. आता ती सहज उघडली.

सव्वीस तारखेला लोकार्पण झालं. मला जायचं नव्हतं, पण निमंत्रणावर त्यांचं नाव छापलेलं होतं. बँड होता, फुगे होते, भाषणं झाली. जुन्या कामगारांना शाल-नारळ दिला. हसुराम घरत असं पुकारलं तेव्हा मी उठून गेले. बाग छान झालीय, खोटं कशाला बोलू. आपल्या गावातल्या ज्या बायकांनी जन्मभर त्या भिंतीच्या बाहेरून सरपण गोळा केलं, त्या आत झोपाळ्यावर बसून हसत होत्या. कोठीत आइस्क्रीमसाठी रांग होती. पोरं नाल्यावरच्या लाकडी पुलावरून धावत होती. नाला आता सिमेंटचा आहे, जाळी नवीन.

फळा प्रदर्शनात आहे, काचेत. नंबर पुन्हा रंगवलेत, खिळे चकचकीत केलेत, सगळे रिकामे. खाली पाटी लावलीय की सगळे कामगार सुखरूप घरी जात, याची खात्री या फळ्यावरून केली जाई. मी तुझ्या नंबरच्या खिळ्यासमोर उभी राहिले. मागे गर्दी झाली, एकजण म्हणाला, मावशी, सरका जरा, फोटो काढायचाय.

बिल्ला माझ्याकडे आहे. आधी वाटलं, या पत्रासोबत पाठवून द्यावा आणि मोकळं व्हावं. पाकीटसुद्धा आणलं होतं. मग वाटलं, रक्षेबरोबर खाडीत सोडावा. दोन्ही जमलं नाही. तो पोस्टानं द्यायचा नसतो आणि पाण्यातही टाकायचा नसतो. हातातून हातात, ही तुला ठाऊक असलेली गोष्ट मी कशाला सांगू. तेव्हा मी तुला बिल्ला पाठवत नाहीये. रागानं नाही. तो तसा देता येत नाही, एवढंच.

शाळा सुटली की मी आता बागेत जाते. सुरुवातीच्या बाकावर बसते, जिथून फाटकही दिसतं आणि आतला रस्ताही. लोकांना वाटतं बाई वडिलांच्या आठवणीत बसते. बसू दे म्हणतात. आठवणबिठवण काही नाही, मी येणाऱ्या-जाणाऱ्या बाप्यांचे चेहरे बघते. पुढे आलेले कान बघते. पंचेचाळिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडे असं बघणं बरं नव्हे, शौनक मला हसतो. तुझे केस पिकले असतील की टक्कल पडलं असेल हेसुद्धा मला माहीत नाही.

बाग बंद व्हायची वेळ झाली की संघप्रिया शिट्टी मारत आतून फिरून येते. पोरं, जोडपी, म्हातारे, सगळे पांगतात. काल ती फाटकाशी आली, एक फळी लावली आणि मला म्हणाली, "काकू, चला ना. बंद करायचंय."

मी उठायलाच निघाले होते. पिशवी हातात घेतली होती. बिल्ला मुठीत कधी आला ते मला कळलंही नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब गं. एक माणूस आत आहे."

ती हसली नाही. दुसरी फळी तशीच उघडी ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

तुझी,
हिराताई